मंजुश्रीच्या श्वासांची मोजदाद

सोमवार, दिनांक ५ जानेवारी २०२६, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. एका मिनिटात सत्तावीस श्वास.

रेवणसिद्धाने हा आकडा असा काही खणखणीत उच्चारला की चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या तानुबाईचा हात परातीवरच थांबला. सात महिन्यांची नात मंजुश्री घोंगड्यावर उताणी निजली होती. झबले गळ्यापर्यंत वर सरकवले होते. दारातून आलेल्या कोवळ्या उन्हाच्या पट्टीत तिची एवढीशी छाती लवलवत होती. मोबाइलमध्ये मिनिट भरल्याची घंटी वाजून गेली तरी रेवणसिद्धाने नजर काढली नाही. मोजदाद झाल्यावरही क्षणभर बघत राहायचे, ही त्याच्या घराण्याची रीत होती.

तीन दिवस पोरीला पडसे होते, कालपासून खोकला छातीत उतरला होता. आदल्या संध्याकाळी वाडीची आशा कार्यकर्ती पार्वतम्मा येऊन गेली. तिने स्वतः घड्याळ धरून मोजले तेव्हा शेचाळीस भरले होते. जाताना तिने बजावले होते, ‘‘लेकरू शांत असताना छाती उघडी करायची, पुरं मिनिट बघायचं, आन् वर आलेला श्वास मोजायचा. पन्नासाच्या खाली असला तर घरीच संभाळू. पन्नास भरले की मात्र एक घडी थांबायचं न्हाई, राजेश्वर गावातला सरकारी दवाखाना गाठायचा.’’

मोजणार कोण, हा प्रश्न उद्भवला तेव्हा सून जगदेवी पुढे सरसावली होती. बारावीपर्यंत शिकलेली पोर. पण रेवणसिद्धाने हात आडवा केला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातली पन्नास वर्षे त्याने मेंढरे मोजण्यात घालवली होती. एके काळी त्याच्या मेंढवाड्यात दोनशे शिंगे होती. आज चार एकर तूर आणि नावापुरती मेंढरे उरली, तरी भाऊबंदांत कळपाचा वाद झाला की मोजायला अजूनही त्यालाच बोलावीत.

त्याने पार्वतम्माला फोन लावला.

‘‘अक्का, सत्तावीस.’’

‘‘सत्तावीस? काल शेचाळीस व्हते की अप्पा! एका राती एवढं उतरतंय व्हय? पुन्हा मोजा बगू.’’

त्याने पुन्हा मोजले. पुन्हा सत्तावीसच.

‘‘घ्या. दोनदा मोजलो. आमच्या मोजणीत आजवर एक कोकरू कमी-जास्त झालं न्हाई.’’

‘‘तसं न्हाई ओ. लेकरू अंगावर पेयालंय का? बरगडीखाली खड्डा पडायलाय का?’’

‘‘पेयालंय. खड्डा न्हाई.’’

‘‘आयतु, आयतु, बरं हाय. तरी नऊला परत मोजा. मी दुपारून येतेच.’’

फोन ठेवताना रेवणसिद्धाचा चेहरा फुलला होता. आनंदाला कारणही तसेच होते. नऊ दिवस वाट पाहिल्यावर बसवप्रभुच्या मळणीयंत्राची पाळी आज त्यांच्या खळ्यावर आली होती. दोन दिवस दक्षिणेकडून ढग चढत होते. गंजी भिजली तर शेंगा काळ्या पडणार, वर्षाची मेहनत चुलीत जाणार. मुलगा माउली पहाटेच ताडपत्री घेऊन खळ्यावर गेला होता. आजच्या दिवशी लेकराचा खोकला आणि ढग दोन्ही एकदमच अंगावर येतात की काय, ही धास्ती सत्तावीस या आकड्याने उडवून लावली होती.

जगदेवीने पोरीला छातीशी घेतले. मंजुश्रीने दोन घोट घेतले आणि तोंड सोडले. पुन्हा दोन, पुन्हा सोडले.

‘‘मामा,’’ ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘ही धड पेईना गेलीय. नाकपुड्या बगा कशा फुलायल्यात. मला श्वास लई वाटायलाय.’’

‘‘नाक गच्च झालंय तिचं. सत्तावीस हाय म्हणलो न्हाई का?’’

तानुबाईने तव्यावरची भाकरी उलटली. ‘‘बारावी शिकली म्हून मामाची मोजणी तपासायलीस व्हय गं? गावात कुणी तपासली न्हाई आजवर.’’

जगदेवीचे कान लाल झाले. तिने पदर ओढून घेतला आणि लेकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

साडेआठला ऊन वर आले, गवतावरचे दव सुकले. दिवसा रेवणसिद्धाची मेंढरे त्याचा चुलतभाऊ सिद्धराम आपल्या कळपाबरोबर चारायला नेई. रेवणसिद्ध मेंढवाड्याच्या काटेरी फाटकापाशी, झाप्यापाशी, पाय रोवून उभा राहिला. झापा दोन मेंढरांपुरता उघडला. मेंढरे अंगाला अंग घासत बाहेर पडू लागली आणि त्याच्या ओठांवर आकडे उमटू लागले. लेकराला ऊन द्यावे म्हणून जगदेवी जवळच कडेवर घेऊन उभी होती. शेवटचे लंगडे मेंढरू बाहेर गेले.

‘‘एकोणीस,’’ रेवणसिद्धाने सिद्धरामला ओरडून सांगितले आणि झापा ओढला.

‘‘एकोणीस!’’ सिद्धरामने पलीकडून मान्य केले.

जगदेवी जागच्या जागी थबकली.

‘‘मामा, मेंढरं एकोणीसच हायत?’’

‘‘बरोब्बर एकोणीस.’’

‘‘परवा जनावराच्या डॉक्टरानं अडतीस लशी टोचल्या की आपल्यात. मीच डबा धरलते.’’

रेवणसिद्ध मोठ्याने हसला. ‘‘खुळी हायस. मेंढरू कुणी एकेक मोजतंय का? एकेक मोजायला बसलं तर कळप रानात आन् मोजणारा झाप्यात! मेंढरं निघत्यात जोडीनं. डोळ्यानं दोन घ्यायची, तोंडानं एक बोलायचं. माझ्या बापानं...’’

हसू तिथेच आटले. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मोजताना तर्जनी आणि मधले बोट तो नेहमी जुळवून धरी. ती दोन्ही बोटे अजून तशीच ताठ होती.

सकाळी घोंगड्याशेजारी बसल्यावरही ती तशीच होती.

जगदेवीने लेकराचे झबले वर उचलले.

सत्तावीस जोड्या. सत्तावीस दुणे चोपन्न! पन्नासाची रेघ सकाळी सात वाजायच्या आतच ओलांडली गेली होती, आणि पावणेदोन तास तो मिशीला पीळ देत हिंडत होता.

‘‘आत चल! आत चल आधी!’’ तो धावलाच. उंबऱ्यावर ठेच लागून अंगठ्याचे नख उलटले, तेही त्याच्या लक्षात आले नाही. ‘‘तानू, मूठभर तूर आण! ताटली आण! बघत काय बसलीस?’’

‘‘आता तूर कशाला? काय शिजवायलाव?’’

‘‘आण म्हणलो ना!’’

पन्नास वर्षांची सवय एका घटकेत मोडणार नाही, हे त्याला पुरते कळले होते. तोंडावर भरवसा नाही म्हणजे तोंड यातून वगळलेच पाहिजे. त्याने तुरीचे दाणे जगदेवीच्या डाव्या हातात ओतले. ‘‘छाती वर आली की एक दाणा ताटलीत. आकडा बोलायचा न्हाई, मनातबी न्हाई. घड्याळ मी बगतो. घंटी वाजली की हात बंद.’’

मंजुश्री आजीच्या मांडीवर शांत पडली होती. टप, टप, टप. पितळी ताटलीत दाणे पडू लागले. दाण्यांचा आवाज इतका भरभर येत होता की तानुबाईने पदराचा बोळा तोंडाशी नेला. घंटी वाजली. रेवणसिद्धाने ताटली पुढे ओढली, दाण्यांचे दहा-दहांचे ढीग लावले. पाच ढीग लागले आणि वर सहा दाणे उरले.

‘‘छप्पन!’’

जगदेवीने पोरीला घोंगड्यात गुंडाळले तेवढ्यात तो दाराबाहेर पडलाही होता.

खळे घरापासून साठ पावलांवर. यंत्र धडधडत होते, अकरा माणसे डोक्याला-तोंडाला फडकी बांधून राबत होती, भुसकटाचा पिवळा लोट थेट घराकडे चालला होता. गंजीवर उभा राहून माउली पेंढ्या खाली फेकत होता. रेवणसिद्धाने दोन्ही हात हलवले, ओरडला. कुणाला ऐकू जाईना. अखेर तो ट्रॅक्टरच्या चाकावर चढला आणि बसवप्रभुच्या खांद्याला धरून हिसका दिला. बसवप्रभुने यंत्राचा वेग उतरवला. एकाएकी शांत झालेल्या खळ्यात त्याचा आवाज अकराही जणांना ऐकू गेला.

‘‘माउली, उतर! लेकराला राजेश्वरला न्यायचंय. श्वास छप्पन हाय!’’

‘‘छप्पन? अप्पा, सकाळी फोनवर तर सत्तावीस सांगितलाव!’’

रेवणसिद्धाने दोन बोटे जुळवून वर धरली. ‘‘मी जोड्या मोजलो.’’

आधी कुणाला उमगले नाही. मग बसवप्रभुच्या ध्यानात आले आणि तो खो खो हसत सुटला. ‘‘अण्णा, लेकराच्या छातीत मेंढरं हाकललास की! बरं झालं, पाय न्हाई मोजलास.’’

खळ्यावरच्या बायका फडक्याआड हसल्या. भाऊबंदांच्या कळपाचा न्याय करणारा माणूस भुसकटाने माखलेल्या चाकावर उभा होता आणि त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता.

‘‘हसा. पण उतर तू आधी,’’ तो लेकाला म्हणाला.

बसवप्रभुचे हसू ओसरले. ‘‘मशीन थांबवायचं असंल तर आताच सांग अण्णा. उद्या मन्नाएखेळ्ळीला माझं काम ठरलंय. परत आठ दिवस येणं न्हाई. आन् वर आभाळ बगितलास का?’’

‘‘मशीन कामून थांबवायलास? गंजीवर मी चढतो.’’

‘‘तू? ह्या गुडघ्यानं?’’

‘‘मोजायला डोकं लागतंय, ते चुकलं माझं. पेंढ्या फेकायला हात लागत्यात, ते हायत अजून.’’

माउलीने गंजीवरून उडीच मारली. दोन मिनिटांत मोटारसायकल घराच्या अंगणातून निघाली. मागे जगदेवी, तिच्या छातीशी घोंगड्याचे गाठोडे. रेवणसिद्ध तोवर शिडीवरून गंजीवर पोहोचला होता. खाली यंत्राने पुन्हा घशाशी गुरगुर केली.

आणि मग त्याने पेंढ्या फेकल्या. तुरीच्या वाळलेल्या खोडांनी तळहात सोलवटले, बाहीतून भुसकट आत शिरून अंगाला काट्यासारखे टोचू लागले. प्रत्येक पेंढीगणिक त्याची नजर रस्त्याकडे जाई. राजेश्वर चार किलोमीटर. दहा मिनिटे जायला, दहा यायला, मध्ये डॉक्टरांचा वेळ. तास झाला, रस्ता रिकामा. सव्वा तास झाला, एक दूधवाला गेला. खाली पोत्यांची रास वाढत होती, दाणा टपोरा निघत होता, बसवप्रभु वर बघून अंगठा दाखवत होता. पण रेवणसिद्धाला त्या पिवळ्या धारेत दाणे दिसतच नव्हते. बीदरच्या मोठ्या दवाखान्यात धाडले असेल काय? धाडले असते तर माउलीने फोन केला असता. फोन! तो तर घोंगड्याशेजारीच राहिला होता.

दहा वाजून पंचावन्न मिनिटांनी वळणावर मोटारसायकल दिसली. तो शिडी न लावताच घसरत खाली आला.

‘‘काय म्हणाले? काय म्हणाले आधी ते सांग!’’

‘‘छप्पन!’’ माउलीने गाडी उभी करता करताच सांगितले. ‘‘डॉक्टरनी मोजलं आन् छप्पनच भरलं. कुणी मोजलं म्हून इचारत व्हते.’’

‘‘आन् आजार?’’

‘‘निमोनिया,’’ जगदेवी म्हणाली. तिचा आवाज घाईने भरला होता, पण फुटलेला नव्हता. ‘‘पण येळेवर आणलाव म्हणाले. बोटाला मशीन लावून बगितलं, प्राणवायू चांगला हाय. बरगडीखाली खड्डा न्हाई, पेयालीय थोडं थोडं. म्हून घरीच करा म्हणाले. धा गोळ्या हायत, पाण्यात इरघळणाऱ्या. रोज दोन, पाच दिवस. एक तिथंच दिली, नऊ राहिल्या. प्यायची थांबली, खड्डा पडला, ओठ निळं पडलं, झटका आला न्हाईतर नुसती मलूल पडून राहिली, ह्यातलं एक जरी दिसलं तर सरळ बीदर. आन् बुधवारी परत दाखवायचं. बुधवारपर्यंत उतरलं न्हाई तर ते सोताच बीदरला धाडणार.’’

‘‘म्हंजी बुधवार,’’ रेवणसिद्ध म्हणाला.

‘‘बुधवार. आन् मामा, धूळ आन् धूर, दोन्ही नगं म्हणालेत. जरासुद्धा.’’

रेवणसिद्धाने वळून घराकडे पाहिले. उगवतीचा वारा खळ्यावरचा सगळा लोट उचलून त्याच्या दारात नेऊन टाकत होता. छपरावर, ओट्यावर, पाण्याच्या रांजणावर बोटभर पिवळा थर. अशा घरात लेकरू? छे! वाऱ्याच्या वरच्या अंगाला सिद्धरामचे घर होते. जगदेवी आणि लेकराची रवानगी तडक तिकडे झाली.

यंत्र संध्याकाळी साडेचारला थांबले. गंजीच्या जागी उघडी जमीन आणि पोती उरली. माणसे हातपाय धुऊन चहाला टेकली, तोच घरातून पाण्याच्या बादलीचा आवाज आला. रेवणसिद्ध धोतर खोचून, ओले फडके घेऊन शहाबादी फरशीवर गुडघ्यांवर बसला होता. झाडू मारला असता तर धूळ पुन्हा उडाली असती, म्हणून तो एकेक फरशी पुशीत मागे सरकत होता. भिंतीवरचे देवांचे फोटो, फळी, पाळण्याची दोरी, सगळे त्याने ओल्या फडक्याने टिपले. चार वेळा पाणी बदलले.

‘‘अगं बाई, बाप्या माणसानं फरशी पुसायची!’’ एक मजूरबाई खिडकीतून म्हणाली. ‘‘तानुबाई, नवरा भाड्यानं द्यायलीस का?’’

‘‘नेतीस का? पण मोजून ने,’’ तानुबाईने फटकारले. ‘‘न्हाईतर दोनाचा एक सांगंल.’’

रेवणसिद्ध फरशी पुसतच हसला. सकाळी झाप्यापाशी हसू आटल्यानंतर पहिल्यांदाच.

हसू फार काळ टिकले नाही. लेकरू घरी आले आणि पाहतो तर तानुबाईने शेगडीत निखारे काढलेले, शेजारी ओवा आणि बाळंतशेपा. ती पोरीला धुरी द्यायच्या तयारीत होती.

‘‘तानू, धूर न्हाई द्यायचा.’’

‘‘ही धूर हाय का? ही धुरी हाय. छाती मोकळी होती हिच्यानं. तुमच्या डॉक्टरच्या आज्यानं बी घेतली असंल. माझी पाच लेकरं धुरीवर वाढली.’’

जगदेवी सासूकडे आणि सासऱ्याकडे आळीपाळीने बघत होती. रेवणसिद्ध शेगडीपाशी उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘पाच वाढली. झाली सहा व्हती, तानू.’’

तानुबाईने ओव्याची मूठ मिटली. मोजणीत धरले नाही ते लेकरू, सगळ्यांत थोरले, चाळीस वर्षांपूर्वीच्या अशाच थंडीत छातीने गेले होते. त्यानंतर त्याचे नाव घरात कुणी घेतले नव्हते. ती उठली. चिमट्याने शेगडी धरली आणि अंगणापलीकडे, चिंचेखाली नेऊन निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतले. परत आली ती चुलीसमोर उभी राहिली.

‘‘मग ह्या चुलीचं काय? हीबी धूरच करती. माउली, तीन दगड आण. सैपाक चिंचेखाली व्हईल.’’

त्या संध्याकाळपासून घराचे रूपांतर एखाद्या चोख कारखान्यात झाले. कोण काय करील, किती वाजता करील, हे रेवणसिद्धाने ठरवून दिले आणि स्वतःलाही त्यातून सूट दिली नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळीची वेळ. एक चमचा उकळून गार केलेले पाणी, त्यात गोळी, पुरती विरघळेपर्यंत हात लावायचा नाही. पाजण्याआधी जगदेवी ओल्या मऊ फडक्याची वात करून नाक मोकळे करी, मगच अंगावर घेई. थोडे थोडे, पण दर तासाला. श्वास मोजायचे दिवसातून तीनदा, दाण्यांनीच. ताटलीतले दाणे दोघांनी वेगवेगळे मोजायचे, आणि दोघांचे आकडे जुळल्याशिवाय पार्वतम्माला कळवायचे नाही. सोमवारी रात्री साडेआठला पंचावन्न भरले.

‘‘उतरलं!’’ माउली ओरडला.

‘‘एकानं उतरल्याला उतरलं म्हणत न्हाईत,’’ रेवणसिद्ध म्हणाला. पण दाणे डब्यात ओतण्याआधी त्याने ते पुन्हा एकदा मोजले.

मंगळवारी सकाळी घात झाला. मंजुश्रीने गोळी घेतली आणि दहाच मिनिटांत सगळे बाहेर काढले. आजोबाच्या सदऱ्यावर पांढरा ओघळ.

‘‘गोळी गेली!’’ तानुबाईने कपाळाला हात लावला. ‘‘आता दुसरी द्यायची का न्हाई?’’

‘‘दिली आन् जास्त झाली तर?’’ माउली म्हणाला.

‘‘दिली न्हाई आन् कमी पडली तर?’’ जगदेवी म्हणाली.

सगळ्यांनी रेवणसिद्धाकडे पाहिले. दोन दिवसांपूर्वी त्याने एका श्वासात निकाल दिला असता. ‘‘मला ठावं न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘जिला ठावं हाय तिला इचार. लाव फोन.’’

‘‘अर्ध्या तासाच्या आत काढलं ना? मग परत द्या,’’ पार्वतम्माने सांगितले. ‘‘ह्या बारीला चमच्यानं हळूहळू, बसवून. कमी पडलेली गोळी मी दवाखान्यातनं आणते, काळजी सोडा. आन् अप्पा, श्वास किती?’’

त्यांनी मोजले. दाण्यांचे ढीग लागले आणि जगदेवीने ताटली सासऱ्यापुढे सरकवली. अठ्ठावन्न! कालच्यापेक्षा जास्त.

माउली गाडीची किल्ली शोधायला धावला. रेवणसिद्धाने फोन हिसकावूनच घेतला. ‘‘अक्का, अठ्ठावन्न! बीदरला नेऊ का?’’

‘‘थांबा थांबा. लेकरू काय करायलंय?’’

‘‘रडायलंय. उलटी झाल्यापासनं रडायलंय.’’

‘‘रडताना मोजलाव व्हय? रडताना माझेबी अठ्ठावन्न भरतील! ओठ निळं न्हाईत ना? खड्डा? पेयालंय?’’

तिन्ही उत्तरे ठीक निघाली. ‘‘मग तिला गोळी द्या, पाजा, झोपू द्या. अर्ध्या तासानं मोजा. मी निघालेच.’’

तो अर्धा तास रेवणसिद्धाने अंगणात उभ्यानेच काढला. चिंचेखालून तानुबाई, दारातून माउली, आणि आत लेकराला खांद्यावर टाकून फेऱ्या घालणारी जगदेवी, चौघांचेही कान एकाच आवाजाकडे लागले होते. रडणे हुंदक्यांवर आले, हुंदके कुरकुरीवर. मग काहीच ऐकू येईना, आणि त्या शांततेनेच बाहेरचे तिघे एकदम आत धावले. पोर झोपली होती.

टप. टप. टप.

तेवढ्यात पार्वतम्माची स्कूटर दारात थांबली. ती चपला काढून उंबऱ्यावर उभी राहिली. घंटी वाजली. पाच ढीग आणि वर दोन दाणे.

‘‘बावन्न,’’ जगदेवी म्हणाली.

‘‘बावन्न,’’ रेवणसिद्ध म्हणाला.

पार्वतम्मा ताटलीतल्या दाण्यांकडे बघत राहिली. ‘‘ही रीत कुणी काढली?’’

‘‘ज्याचं तोंड फितूर झालं त्यानं,’’ तानुबाई म्हणाली आणि पार्वतम्मासुद्धा हसली.

पण बावन्न म्हणजे पन्नासाच्या वरच. उद्या बुधवार. मंगळवारीच दुपारी आभाळ फुटले, तासभर झोडपून पाऊस झाला; पोती ताडपत्रीखाली सुरक्षित होती आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलेही नाही. गारठा वाढला. घोंगडी दारावर टांगली गेली. जगदेवीने पोरीला उघड्या अंगाने आपल्या छातीशी धरून वरून पांघरूण घेतले आणि ती भिंतीला टेकून बसून राहिली. तिच्या हातून कामे काढून घेताना तानुबाई एकदाही कुरकुरली नाही. भांडी माउलीने घासली, धुणे रेवणसिद्धाने पिळले. संध्याकाळी मंजुश्रीने अंगावर घेतल्यावर तोंड सोडले नाही. जगदेवी घोट मोजत होती. सात, आठ, नऊ...

‘‘आत्या! सोडंना गेलीय!’’

तानुबाई पिठाच्या हातानेच आली आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनेचे केस पांढरे झाले.

बुधवार, ७ जानेवारी. पहाटेपासूनच सगळे जागे होते, पण मोजणीची वेळ होईपर्यंत कुणीही पोरीच्या छातीकडे बघायचे नाही, असा रेवणसिद्धाचा हुकूम होता. सात वाजले. उजेड आला. जगदेवीने मूठ भरून दाणे घेतले. माउलीने घड्याळ धरले. रेवणसिद्ध भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला फक्त आवाज ऐकायचा होता. टप... टप... दोन दाण्यांमध्ये आता फट ऐकू येत होती! घंटी वाजली. तो वळला. एक ढीग. दोन. तीन. चार. पाचव्या ढिगात जगदेवी एकेक दाणा सरकवू लागली. पाच, सहा, सात... आणि ताटली संपली.

‘‘सत्तेचाळीस!’’ जगदेवी किंचाळलीच. मंजुश्री दचकून जागी झाली, तिने आईकडे पाहिले, आणि तीन-चार दिवसांत पहिल्यांदा पाय झाडले.

‘‘थांब, मला मोजू दे,’’ रेवणसिद्ध म्हणाला. त्याने मोजले. तानुबाईला विसाच्या पुढे येत नव्हते, तिनेही वीस-वीस करून मोजले. तिघांचेही सत्तेचाळीस.

राजेश्वरच्या डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, वजन घेतले, आणि बीदरला जायची गरज नाही, राहिलेल्या गोळ्यांतली मात्र एकही चुकवू नका, एवढेच सांगितले. परतताना माउलीने गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवली, पोरीला वारा लागू नये म्हणून.

गोळी एकही चुकली नाही. शुक्रवारी रात्री आठ वाजता शेवटची दिली गेली. खोकला अजून होता, पण पातळ झाला होता.

शनिवारी सकाळी सिद्धराम मेंढरे न्यायला आला आणि रेवणसिद्ध वाड्याकडे निघाला. मागून जगदेवीने हाक मारली. ताटली, दाणे, घड्याळ सगळे मांडून ती बसली होती.

‘‘मामा, मोजणीची येळ झाली. येयलाव ना?’’

‘‘तू मोज.’’

‘‘दोघांचं जुळवून बगायचं असतंय की.’’

‘‘तुझं खरं,’’ तो म्हणाला. ‘‘मोजून झालं की मला आवाज दे.’’

तो झाप्यापाशी जाऊन उभा राहिला, पण झापा उघडला नाही. सिद्धराम पलीकडून ओरडत होता, मेंढरे ढुशा देत होती. तो घराच्या दाराकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने जगदेवी पोरीला कडेवर घेऊन दारात आली आणि तिने अंगणभर ऐकू जाईल असा आकडा सांगितला.

अडतीस.